वरच्या स्वल्पविरामाची गोष्ट

आजचा माझा विषय रेडिओवर बोलायला जरा अवघडच आहे, कारण तो ऐकू येत नाही. स्वल्पविराम आला की बोलणारा क्षणभर थांबतो, प्रश्नचिन्ह आलं की आवाज चढतो. पण इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी? तो शब्दाच्या खांद्यावर, ओळीच्या वरच्या अंगाला लटकलेला असतो, आणि मोठ्यानं वाचणारा त्याच्याकडे बघतही नाही. मराठीत त्याला सर्वांच्या तोंडी रुळलेलं नावसुद्धा नाही. मी त्याला सरळ ‘वरचा स्वल्पविराम’ म्हणणार आहे.

मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. डोळ्यांत तेल घालून अशी चिन्हं शोधायची आणि ती असावीत की नसावीत यावर वाद घालायचा, हा त्या कामाचा भागच असतो. त्यातूनच प्रश्न पडू लागला, की एवढंसं चिन्ह, पण त्याच्यासाठी माणसं इतकी भांडतात का? सरकारं कायदे का करतात? उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळलं, की हे एकच चिन्ह वेगवेगळ्या भाषांत अगदी वेगवेगळी कामं करतं. कुठे ते गेलेल्या अक्षराची आठवण आहे, कुठे नावाचा पहारेकरी आहे, आणि कुठे चक्क अक्षर आहे. एका भाषेच्या सवयीनं दुसऱ्या भाषेतल्या या चिन्हाचा निकाल लावला की घोटाळा होतो. हा घोटाळा जगात अनेकदा झाला आहे, आणि त्यातून आपणही सुटलेलो नाही.

आधी जन्मकथा. मूळ शब्द ग्रीक. त्याचा अर्थ तोंड फिरवणं, वळून दूर जाणं. ग्रीकमध्ये एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीलाही स्वर आला, की पुष्कळदा पहिला स्वर गळतो. जिथून तो गळला तिथे वर ही खूण करायची. म्हणजे इथे एक अक्षर होतं, ते निघून गेलं, एवढंच सांगायचं.

हे आपल्याला मुळीच परकं वाटायला नको. आपल्याकडे अवग्रह आहेच की! ‘सः’ आणि ‘अहम्’ यांचा संधी झाला की ‘सोऽहम्’ होतं. मधला ‘अ’ जातो आणि त्याच्या जागी इंग्रजी एस अक्षरासारखी ती खूण उरते. ग्रीकमध्ये आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर जातो, संस्कृतात पुढच्या शब्दाचा पहिला. काम मात्र एकच. म्हणूनच संस्कृत मजकूर रोमन लिपीत लिहिणाऱ्या विद्वानांनी अवग्रहाच्या जागी बिनदिक्कत अपॉस्ट्रॉफीच वापरला.

युरोपातल्या छापील पुस्तकांत हे चिन्ह रुजलं ते व्हेनिसमध्ये. आल्डस मानुशियस हा तिथला नामवंत मुद्रक. पिएत्रो बेम्बो या विद्वानानं संपादित केलेल्या पेत्रार्कच्या इटालियन कविता त्यानं १५०१ साली छोट्या, हातात मावणाऱ्या आकारात छापल्या. ग्रीक पुस्तकं छापण्यात हा छापखाना तरबेज होता. ग्रीकमधला हा वरचा स्वल्पविराम त्यानं इटालियनसाठी वापरला. पुढे पॅरिसमध्ये जॉफ्रॉय टोरी या मुद्रकानं १५२९ सालच्या आपल्या ग्रंथात फ्रेंचसाठी अशा खुणांचा पुरस्कार केला. थोडक्यात, हे चिन्ह रुजवण्यात पंडितांच्या बरोबरीनं खिळे जुळवणाऱ्यांचा हात होता.

इटालियनमध्ये त्याचं काम किती नेमकं आहे पाहा. ‘एक कलावंत’ याला ते ‘उन आर्तिस्ता’ म्हणतात. ‘आर्तिस्ता’ हा शब्द पुरुषालाही चालतो आणि स्त्रीलाही. पुरुष असेल तर ‘उन’ आणि ‘आर्तिस्ता’ हे दोन शब्द सुटे लिहायचे. स्त्री असेल तर ‘एक’ या अर्थाचं स्त्रीलिंगी रूप ‘उना’ असतं. त्यातला शेवटचा ‘आ’ पुढच्या ‘आ’पुढे गळतो, म्हणून तिथे वरचा स्वल्पविराम द्यायचा. कानाला दोन्ही सारखेच. कागदावर मात्र कलावंत बाई आहे की बुवा, हे सांगायला तो एक फटकारा पुरतो.

फ्रेंचमध्ये तर एक गंमत आहे. ‘आज’ या अर्थाचा त्यांचा शब्द आहे ‘ओजुर्दवी’. हा एकच शब्द, पण त्याच्या पोटात वरचा स्वल्पविराम आहे. फोड केली तर अर्थ निघतो, ‘आजच्या दिवशी’. ‘वी’ हाच मुळात ‘आज’ या अर्थाचा जुना शब्द. तो बोलण्यात झिजला, एकटा उभा राहीनासा झाला, म्हणून त्याला आधाराला ‘दिवस’ दिला. ते चिन्ह आजही जुन्या जोडाची जागा दाखवत उभं आहे.

आता आपल्या ओळखीच्या इंग्रजीकडे येऊ. तिथे हे चिन्ह सोळाव्या शतकात आलं, गळलेलं अक्षर दाखवायलाच. मग ‘रामाचा’, ‘राजाचा’ अशा मालकीशी त्याचा संबंध कसा जुळला? जुन्या इंग्रजीत राजाला ‘क्युनिंग’ म्हणत आणि ‘राजाचा’ म्हणायचं तर ‘क्युनिंगेस’. ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. काळाच्या ओघात त्यातला ‘ए’ उच्चारातून गेला, नुसता ‘स्’ राहिला. गेलेल्या त्या ‘ए’च्या जागी वरचा स्वल्पविराम आला.

मधल्या काळात लोकांचा एक गमतीदार समज झाला होता. त्यांना वाटे, हा ‘स्’ म्हणजे ‘हिज’, म्हणजेच ‘त्याचा’, या शब्दाचं आखूड रूप असावं. म्हणून ‘राजाचा मुकुट’ याऐवजी ‘राजा त्याचा मुकुट’ अशी रचना सर्रास लिहिली जाई. बेन जॉन्सनच्या एका नाटकाचं नावच ‘सिजेनस हिज फॉल’ असं आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं ही समजूत चुकीचीच होती. राणीच्या मुकुटालाही तोच ‘स्’ लागतो, मग तिथे ‘त्याचा’ कुठून येणार? तरीही ती बराच काळ टिकली. अनेकवचनाच्या ‘स्’ नंतर वरचा स्वल्पविराम द्यायचा, हा आपल्याला शाळेत घोकावा लागलेला नियम तर अठराव्या शतकाच्या सुमारास हळूहळू ठरत गेला. म्हणजे आज ज्याच्यावरून गुण कापले जातात, तो नियम शेक्सपिअरच्या काळी पक्का झालेलाच नव्हता!

पण एकदा नियम झाला की त्याचे राखणदारही तयार होतात. जॉन रिचर्ड्स हे इंग्लंडमधले निवृत्त पत्रकार. वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकूर तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फळवाल्यांच्या आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर हे चिन्ह भलत्याच जागी पाहून ते इतके वैतागले, की २००१ साली त्यांनी अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली. दुकानदारांना नम्र पत्रं पाठवून चूक कळवायची, हे तिचं काम. २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. अज्ञान आणि आळस यांचा विजय झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे इतरांनी ती संस्था पुन्हा चालू केली.

जर्मनीत नेमकी उलटी तक्रार. जर्मन षष्ठीला हे चिन्ह लागत नाही, पण इंग्रजीच्या वळणानं दुकानांच्या पाट्यांवर ते येऊ लागलं. शिष्ट मंडळींनी त्याला ‘मूर्खांचा अपॉस्ट्रॉफी’ असं नाव ठेवलं. अखेर २०२४ च्या सुधारित लेखननियमांनी व्यक्तीच्या नावावरून पडलेल्या दुकानांच्या नावांत तो चालेल असं मान्य केलं. एका देशात चिन्ह नाही म्हणून संताप, शेजारच्या देशात आहे म्हणून.

इथवर सगळी मौज आहे. एखाद्या पाटीवर चिन्ह चुकलं म्हणून इंग्रजीचं फारसं बिघडत नाही, वाचणाऱ्याला अर्थ कळतोच. अमेरिकी सरकारनंही असाच विचार केला. १८९० साली तिथे भौगोलिक नावांचं एक मंडळ स्थापन झालं. नकाशांवरची नावं एकसारखी असावीत हा त्याचा हेतू. स्थलनामांत मालकी दाखवणारा वरचा स्वल्पविराम शक्यतो नकोच, हे त्याचं धोरण. एखाद्या गावाचं नाव कुणा माणसावरून पडलं असलं तरी एकदा ते नाव झालं की त्यात मालकी उरत नाही, असा त्यामागचा तर्क. या मंडळानं आजवर फक्त पाच ठिकाणांना अपवाद केला आहे. मॅसॅच्युसेट्समधलं ‘मार्थाज व्हिनयर्ड’ हे बेट त्यातलं पहिलं, १९३३ सालचं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनंही २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह वगळायचं ठरवलं. थोडी ओरड झाली, पण कुणाची भाषा बुडाली नाही.

मात्र हाच तर्क जगभर लावता येत नाही. तुर्कस्तानचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तिथे नव्या लिपीचा कायदा झाला आणि अरबी वळणाची लिपी जाऊन रोमन लिपी आली. तुर्की भाषेला आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय लागतात. ‘इस्तंबूलमध्ये’, ‘अंकाराला’ हे त्यांच्याकडेही एकेका शब्दात होतं. पण विशेषनामाला प्रत्यय लावताना ते मध्ये वरचा स्वल्पविराम घालतात. अलीकडे नाव, पलीकडे प्रत्यय. झोंगुलदाक नावाचं एक शहर आहे. ‘झोंगुलदाकला’ असं तुर्कीत म्हणताना शेवटचा ‘क्’ मऊ होऊन जवळजवळ विरून जातो. लिहिताना मात्र तो जसाच्या तसा ठेवायचा, मग चिन्ह, मग प्रत्यय. उच्चार काही होवो, कागदावर नावाला धक्का लागता कामा नये. इथे कुठलंही अक्षर गळलेलं नाही. इथे हे चिन्ह नावाच्या दारात पहाऱ्याला उभं आहे.

आपल्याकडे याची सोय नाही, हे त्या निमित्तानं ध्यानात येतं. ‘साताऱ्याहून’, ‘ठाण्यात’, ‘नेवाशाला’ हे शब्द मराठी न येणाऱ्यानं वाचले, तर मूळ गावं सातारा, ठाणे आणि नेवासे आहेत हे त्यानं कसं ओळखावं? आपण नाव प्रत्ययात विरघळू देतो. त्यात भाषेचा गोडवा आहेच, पण तुर्कांनी केलेली सोयही दाद देण्यासारखी आहे.

आता पूर्वेकडे, पूर्वीच्या सोव्हिएत मुलखात. १९१७-१८ मध्ये रशियन लेखनाची सुधारणा झाली. रशियनमध्ये ‘कठोर चिन्ह’ नावाचं एक अक्षर आहे. शब्दांच्या शेवटी ते मुकं असे, म्हणून तिथून ते काढून टाकलं. शब्दाच्या मध्यात मात्र ते ठेवायचं होतं, कारण तिथे त्याला काम होतं. पण जुन्या वळणाचे छापखाने ऐकेनात, म्हणून त्या अक्षराचे खिळेच जप्त केले गेले. मग मध्यात काय छापायचं? जुळाऱ्यांनी वरचा स्वल्पविराम बसवला. ‘अधिवेशन’ या अर्थाचा रशियन शब्द कित्येक वर्षं असा छापला जात होता. पुढे रशियनमध्ये कठोर चिन्ह परतलं. युक्रेनियनमध्ये मात्र वरचा स्वल्पविराम कायमचा राहिला. ‘पाच’ या अर्थाच्या त्यांच्या शब्दात ‘प’ आणि ‘या’ वेगवेगळे उच्चारायचे, हे तोच सांगतो. युक्रेनियन वर्णमालेच्या ३३ अक्षरांत त्याची गणती नाही, तरी त्याच्यावाचून ‘पाच’ लिहिता येत नाहीत.

कझाकस्तानात याच चिन्हाचा अतिरेक झाला. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथले तेव्हाचे अध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांनी कझाक भाषेसाठी नव्या रोमन लिपीचा हुकूम काढला. साध्या कळफलकावर टाइप करता यावं, अक्षरांना शेपट्या-टिंबं नसावीत, म्हणून कझाकच्या खास ध्वनींसाठी नऊ अक्षरांपुढे वरचा स्वल्पविराम जोडला. परिणाम असा झाला, की ‘चेरी’ या फळाच्या तीन अक्षरी नावात दोन चिन्हं आली. त्यावर लोक हसले, भाषातज्ज्ञ चिडले. शब्द तुकड्या-तुकड्यांत फाटल्यासारखा दिसू लागला. चार महिन्यांतच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तो हुकूम बदलून अक्षरांच्या डोक्यावर तिरप्या रेघा आणाव्या लागल्या. यंत्राच्या सोयीनं लिपी शिवली, पण ती भाषेच्या अंगाला बसली नाही. शेजारच्या उझबेकिस्तानात मात्र १९९५ पासूनच्या रोमन लिपीत ‘ओ’ आणि ‘ग’ या दोन अक्षरांच्या वेगळ्या उच्चारांसाठी असंच चिन्ह वापरलं जातं. देशाच्या नावाच्या पहिल्याच अक्षरापुढे ते बसलेलं आहे.

आणि आता हवाई बेटं. इथे हे चिन्ह ऐकू येतं. हवाईच्या भाषेत एक व्यंजन असं आहे, की ते उच्चारताना घसा क्षणभर बंद होऊन उघडतो. दोन स्वरांच्या मध्ये आवाज कापल्यासारखा होतो. त्याला ते ‘ओकिना’ म्हणतात. त्याचा अर्थच कापणं, तोडणं. बोस्टनहून आलेले मिशनरी १८२० साली तिथे पोहोचले. त्यांनी भाषा रोमन लिपीत बसवली आणि १८२२ पासून छपाई सुरू केली. त्यांच्या इंग्रजी कानांना हा घशातला खटका अक्षर वाटला नाही. तो त्यांनी बहुतेक ठिकाणी लिहिलाच नाही. पण एका जागी त्यांची अडचण झाली. ‘कोउ’ म्हणजे तुझं. तेच मध्ये खटका देऊन म्हटलं, तर माझं. माझं आणि तुझं यांत फरकच दिसेना, तेव्हा त्यांनी ‘माझं’ या शब्दात वरचा स्वल्पविराम घातला. बाकी सारा खटका कागदाबाहेरच राहिला.

पुढे १८९६ साली तिथल्या शाळांत इंग्रजी हेच माध्यम करणारा कायदा झाला. घरोघर हवाई बोलणारी पिढी ओसरत गेली. नुसत्या छापील मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या मुलांना खटका कुठे द्यायचा, हे कळायला मार्गच राहिला नाही. ज्यांच्या घरात आजी-आजोबा बोलत होते त्यांना चिन्हाची गरज नव्हती. ते गेल्यावर मात्र चिन्ह हाच एक दुवा होता, आणि तो छापलेलाच नव्हता. १९५७ साली मेरी कावेना पुकुइ आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा शब्दकोश आला. त्यानं ही खूण पद्धतशीरपणे नोंदवली. १९७८ साली हवाई भाषेला राज्यघटनेत अधिकृत स्थान मिळालं आणि शाळांतून ती पुन्हा शिकवली जाऊ लागली, तेव्हा या कोशातल्या खुणा कामी आल्या. २००० साली अमेरिकी काँग्रेसनं एक कायदा केला, तो केवळ हवाईमधल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नावांचं लेखन दुरुस्त करण्यासाठी. ज्वालामुखींच्या उद्यानाच्या नावात ओकिना आला तो त्या कायद्यानं. ज्या देशानं नकाशावरून वरचे स्वल्पविराम पुसले, त्याच देशानं हा परत बसवला. कारण इंग्रजीत तो मालकीची खूण होता, हवाईत ते अक्षर आहे.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे या चिन्हाचा प्रश्न नाही, असं वाटत असेल तर वसईला किंवा गोव्याला जा. डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. मूळ पोर्तुगीज रूपात आडनावाआधी ‘दे’ आहे, म्हणजे ‘चा’. रोमन लिपीत इंग्रजी वळणानं लिहिताना त्यातला स्वर गळला आणि त्या जागी वरचा स्वल्पविराम आला. मराठीनं मात्र तो स्वर सोडला नाही. ‘डि’ मधली ती वेलांटी म्हणजे त्या गळलेल्या स्वराचाच पत्ता. २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावातही तो तसाच आहे. रोमन लिपीनं खूण ठेवली, देवनागरीनं आवाज ठेवला.

पण संगणकाला दोन्ही कळत नाही. कित्येक संगणकीय व्यवस्थांत वरचा स्वल्पविराम म्हणजे मजकूर इथे संपला, अशी आज्ञा असते. माझ्या परिचयातल्या एका डिसोझांचं नाव एका कचेरीच्या अर्जात ‘चालत नाही’ म्हणून परत आलं. दुसऱ्या ठिकाणी ते चिन्ह गाळून जोडून लिहिलं गेलं, तिसऱ्या ठिकाणी मध्ये मोकळी जागा सोडून. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं झाली, आणि तिन्ही आपलीच हे शपथेवर सांगायची वेळ आली. आयर्लंडच्या ओब्रायन, ओकॉनर मंडळींची हीच कहाणी आहे. त्यांच्या भाषेत ‘ओ’ म्हणजे वंशज, आणि तिथे त्यावर नुसती तिरपी मात्रा असते. इंग्रजी लेखनात त्याचा वरचा स्वल्पविराम झाला, आणि आता यंत्र तोही नाकारतं.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याच लिपीत घडते आहे. २००३ सालच्या ९२ व्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत चार भाषा आल्या, बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. यांतल्या पहिल्या तिन्ही आज देवनागरीत लिहिल्या जातात, आणि तिन्हींमध्ये वरचा स्वल्पविराम आहे. डोगरीत शब्दातल्या सुराचा चढ-उतार अर्थ बदलतो, तो दाखवायला हे चिन्ह लागतं. तिथे त्याला ‘सुर चिह्न’ म्हणतात. मैथिलीत ते ‘अ’ लांबवल्याची किंवा शब्द तुटल्याची खूण आहे. चौथ्या संथाळीची स्वतःची ओल चिकी लिपी आहे, पण पॉल ओलाफ बोडिंग यांच्या रोमन लिपीतल्या कोशात शब्दाच्या शेवटी अडवलेल्या व्यंजनांना हीच खूण आहे. ‘पाणी’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटीच ती येते.

बोडोची कथा तर जिवावरची आहे. आसाममधल्या या समाजानं १९७४-७५ मध्ये आपल्या भाषेसाठी रोमन लिपी मिळावी म्हणून आंदोलन केलं. गोळीबार झाला, माणसं मेली. शेवटी १९७५ साली तोडगा म्हणून देवनागरी स्वीकारली गेली. पण देवनागरीत त्यांचे सगळे उच्चार मावत नव्हते, म्हणून वरचा स्वल्पविराम सोबत आला. त्याला ते ‘गोजौ कमा’ म्हणतात, म्हणजे उंचावरचा कॉमा. आपल्या भाषेचं नाव ते “बर’” असं लिहितात आणि ‘बोरो’च्या जवळचं उच्चारतात. टोकाचं ते चिन्ह पुसलं, तर आपल्यासारखा वाचणारा तो शब्द ‘बर’ असा वाचेल. भाषेचं नावच नाहीसं! आणि संगणकासाठी ठरवलेल्या जागतिक अक्षरसंचात देवनागरीच्या खणात हे चिन्ह नाही. ते बाहेरून, दुसऱ्या खणातून आणावं लागतं. देवनागरीचा विचार झाला तो मुख्यतः संस्कृत, हिंदी आणि मराठीच्या गरजेनं, त्याचा हा परिणाम.

मराठीत मात्र हे चिन्ह का रुजलं नाही? एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या खटाटोपातून इंग्रजी विरामचिन्हं मराठीत आली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह सगळी घरची झाली. वरचा स्वल्पविराम तेवढा पाहुणाच राहिला, कारण त्याला करायला काम नव्हतं. षष्ठीला चा-ची-चे होते. आणि गेलेल्या ध्वनीची आठवण ठेवायला आपल्याकडे दुसरंच चिन्ह होतं, ते म्हणजे अनुस्वाराचं टिंब.

जुनी मराठी पुस्तकं उघडून पाहा. नांव, गांव, पांच, कांटा. ‘नाम’ मधला ‘म’ गेला, त्याच्या जागी टिंब. ‘कण्टक’ मधला ‘ण’ गेला, तिथे टिंब. बोलताना बहुतेकांच्या नाकात काहीच उरलं नव्हतं, तरी लिहिताना पूर्वजाची आठवण म्हणून टिंब द्यायचं. हा आपला अपॉस्ट्रॉफीच होता. १९६२ साली महाराष्ट्र शासनानं मान्य केलेल्या लेखननियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यावर वाद झाले. ‘तें मूल’ आणि ‘ते मुलगे’ यांतला फरक टिंबानं दिसत होता, तो गेला, ही तक्रार खरीच होती. पण शिकणाऱ्या मुलांचा आणि खिळे जुळवणाऱ्यांचा मोठा ताप वाचला, हेही तितकंच खरं. मला स्वतःला तो निर्णय पटतो. आणि टिंब पुरतं गेलंही नाही. या छापील भाषणात ‘असं’, ‘झालं’, ‘केलं’ यांवर जी टिंबं दिसतात ती ‘असें’, ‘झालें’, ‘केलें’ यांची वारसदार आहेत. नाकातून नाही, पण शेवटचा स्वर पूर्ण म्हणा, एवढं ती अजून सांगतात.

फक्त एक गोष्ट त्या वेळच्या वादात पुरेशी ऐकू आली नाही असं मला वाटतं. ज्यांना ही टिंबं ‘न उच्चारली जाणारी’ वाटली, ती माणसं देशावरच्या शिष्ट बोलीची होती. कोकणातल्या कित्येक बोलींत तो नाकातला उच्चार आजही ऐकू येतो. त्यांच्या दृष्टीनं टिंब मुकं नव्हतंच. आणि सीमेपलीकडे, त्याच देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या कोकणीत, तर टिंब पूर्ण जिवंत आहे. १९८७ साली गोव्यात राजभाषा झालेल्या या भाषेला मराठीचाच नियम लावला असता तर काय झालं असतं?

म्हणून सुधारणा करू नये, असं मी म्हणत नाही. लिपी माणसांसाठी आहे, तिच्यातलं ओझं उतरवलंच पाहिजे. पण एखादं चिन्ह फालतू आहे असं ठरवण्याआधी ते कुणाच्या घशात, कुणाच्या नाकात अजून वाजतंय का, हे त्या माणसांना विचारून घ्यावं. अर्ज तयार करणाऱ्या कचेरीनं डिसोझांना विचारावं, अक्षरसंच करणाऱ्यानं बोडो शिक्षकाला विचारावं. विचारायला फार वेळ लागत नाही. कोकणीत ‘मी’ या अर्थाचा शब्द आहे ‘हांव’. त्यावरचं टिंब नाकातून उच्चारलं जातं. ते गाळायचं असेल, तर निदान ज्याचा तो ‘मी’ आहे त्याची परवानगी हवी.